फॉरमॅट मारू नका! लिनक्सवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नसेल तर आधी हे वाचा



या आठवड्याचा व्हिडिओ नेहमीपेक्षा वेगळा होता. मार्केटिंग नाही, जीएसटी नाही, कर्जाची फाईल नाही. उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकताना येणाऱ्या एरर, एवढाच विषय. "सर, आम्ही धंदा करायचा की इंजिनियर व्हायचं?" हा प्रश्न बॅचमध्ये हमखास येतो. वेळेअभावी त्याचं नीट उत्तर व्हिडिओत देता आलं नाही, म्हणून ते इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या कॉम्प्युटरवर तुमची उधारी, बिलं आणि गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, त्याच्यावरची इन्स्टॉलेशनची साधी एरर वाचता येणं हे आता दुकानदाराचंच काम आहे. तराजू बरोबर आहे का हे आपण स्वतः बघतो ना? गल्ला स्वतः मोजतो ना? तसंच हे. आणि एरर आली की लगेच "फॉरमॅट मारून टाका" म्हणणं ही छोट्या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय आहे.

हा विषय आत्ताच का काढला? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. आपल्याकडच्या दुकानांतले, कारखान्यांतले, क्लासेसमधले कितीतरी कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत, पण मशीन ठणठणीत आहे. मग काही जण क्रॅक केलेलं काहीतरी टाकून घेतात, आणि काही जण शहाणपणा करून उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात. या दुसऱ्या गटासाठी आजचा लेख आहे. पहिल्या गटानेही वाचावा, कदाचित मन बदलेल.

एक सूचना. खरी कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायची असते, ती व्हिडिओत स्क्रीनवर दिसते. इथे मी तिचा उच्चार लिहिलाय. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आधी दुकानाच्या भाषेत समजून घ्या

विंडोजवर आपण सॉफ्टवेअर कुठूनही उतरवतो, डबल क्लिक करतो, नेक्स्ट-नेक्स्ट दाबतो. लिनक्समध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे एक मोठं गोदाम असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. त्यात तपासून, शिक्का मारून ठेवलेला माल असतो, त्याला पॅकेज म्हणतात. आणि गोदामातून माल आणून तुमच्याकडे लावून देणारा एक मुनीम असतो, तो म्हणजे पॅकेज मॅनेजर. उबुंटू, मिंट आणि डेबियनमध्ये या मुनीमाचं नाव एपीटी. त्याच्या हाताखाली डीपीकेजी नावाचा हमाल आहे, तो पेटी उघडून सामान जागेवर लावतो. डेबियन १९९३ साली सुरू झालं, उबुंटू २००४ साली त्याच्याच पायावर उभं राहिलं. म्हणजे ही व्यवस्था काल-परवाची नाही.

तिसरा शब्द, डिपेंडन्सी. तुम्ही शेवयांचं मशीन मागवलं, पण त्याला थ्री-फेज लाइन लागते, मोटर लागते, बेल्ट लागतो. यातलं एक नसेल तर मशीन कोपऱ्यात पडून राहणार. सॉफ्टवेअरचंही तसंच. एका पॅकेजला दुसरी दहा लागतात. एपीटी ती यादी स्वतः काढतो आणि सगळं एकदम आणतो. ही त्याची सगळ्यात मोठी सेवा, आणि बहुतेक भांडणंही इथेच होतात.

दोन कमांड लक्षात ठेवा. "सुडो एपीटी अपडेट" म्हणजे गोदामाची आजची मालयादी मागवणं. "सुडो एपीटी इन्स्टॉल" आणि पुढे पॅकेजचं नाव, म्हणजे माल मागवणं. अपडेट केल्याने काहीही इन्स्टॉल होत नाही, फक्त यादी ताजी होते. "सुडो" म्हणजे मालकाच्या सहीने केलेलं काम. सुडो विसरलात तर परवानगी नाही म्हणून एरर येणारच. नोकराने मालकाच्या चेकबुकावर सही केली तर बँक थांबवतेच ना?

एरर म्हणजे शिवी नाही

माझा अनुभव असा की दहापैकी आठ जण एरर वाचतच नाहीत. लाल अक्षरं दिसली की विंडो बंद. अहो, तो मुनीम तुम्हाला काय अडलंय ते सांगतोय! इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल. एररमधले दोन-तीन शब्द ओळखता आले तरी नव्वद टक्के काम झालं असं समजा. आपण एकेक प्रकार बघू.

"अनेबल टू लोकेट पॅकेज". या नावाचा माल यादीत सापडत नाही, असा अर्थ. आधी यादी ताजी करा, म्हणजे अपडेट चालवा. नवीन टाकलेल्या उबुंटूवर बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. मग नाव तपासा. पॅकेजचं नाव आपल्याला वाटतं तसं नसतं. मराठी फॉन्ट हवे असतील तर पॅकेजचं नाव "फॉन्ट्स-देवा" आहे, "मराठी फॉन्ट" असं शोधून मिळणार नाही. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत हवे असतील तर "लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर". नाव माहीत नसेल तर "एपीटी सर्च" वापरा. तरीही सापडत नसेल तर उबुंटूच्या सॉफ्टवेअर सेटिंगमध्ये "युनिव्हर्स" नावाचा विभाग चालू आहे का ते बघा. बरंच सॉफ्टवेअर त्या विभागात असतं.

"टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग". गोदामाचा पत्ताच सापडत नाही. यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, इंटरनेट नाहीये. राउटर बघा, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. इथे कमांडशी खेळत बसलात तर संध्याकाळ होईल.

"४०४ नॉट फाउंड". गोदाम सापडलं, पण ते दालनच तिथून हललंय. याचं नेहमीचं कारण म्हणजे तुमची आवृत्ती मुदतबाह्य झाली. उबुंटूच्या दोन जाती आहेत. दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते ती एलटीएस, तिला ५ वर्षं सपोर्ट. मधल्या ज्या येतात त्यांना फक्त ९ महिने. उदाहरणार्थ, २३.१० चा सपोर्ट जुलै २०२४ मध्ये संपला. मुदत संपल्यावर तिचा माल जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात, आणि तुमचा मुनीम जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. म्हणून धंद्याच्या मशीनवर कायम एलटीएसच टाका. २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत आणि २४.०४ ला २०२९ पर्यंत नेहमीचा सपोर्ट आहे. "नवीन आलंय म्हणून टाकलं" हे कारण घरच्या कॉम्प्युटरला ठीक, काउंटरच्या नाही.

"कुड नॉट गेट लॉक". मुनीम एका वेळी एकाच कामावर असतो. मागे आपोआप अपडेट चालू असेल तर तुम्हाला थांबायला सांगतो. एररमध्येच लिहिलेलं असतं की कोणाकडे कुलूप आहे. "अनअटेंडेड-अपग्रेड" असं काही दिसलं तर चहा घ्या, दहा-पंधरा मिनिटांनी परत करा. नेटवर लगेच सल्ला सापडतो की लॉकची फाईल डिलीट करा. करू नका! आत माणूस काम करत असताना गोदामाचं कुलूप तोडण्यासारखं आहे ते. अर्धा माल लावलेला, अर्धा बाहेर, आणि नोंदवही चुकलेली.

"डीपीकेजी वॉज इंटरप्टेड". हमाल काम अर्धवट टाकून गेला. का? कारण लाइट गेली. आपल्याकडे हे किती वेळा होतं ते मी सांगायला नको. उपाय एररमध्येच लिहिलेला असतो: सुडो डीपीकेजी, मग दोन डॅश आणि कॉन्फिगर, मग एक डॅश आणि ए. अर्धवट राहिलेलं काम तो पूर्ण करतो.

"अनमेट डिपेंडन्सीज" किंवा "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस". मशीन आलं, बेल्ट मिळेना. बहुतेक वेळा बाहेरून उतरवलेली डेब फाईल थेट डीपीकेजीने टाकलेली असते, नाहीतर दोन वेगळ्या गोदामांचा माल एकत्र झालेला असतो. आधी "सुडो एपीटी" पुढे दोन डॅश आणि "फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल" चालवा. पण होय म्हणण्याआधी तो काय काढणार आहे ती यादी वाचा. का, ते पुढे सांगतो.

"नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". गोदाम नाही, तुमचं दुकान भरलंय. "डीएफ डॅश एच" चालवलं की कुठला भाग किती भरला ते दिसतं. "सुडो एपीटी क्लीन" केलं की उतरवलेल्या पेट्या निघतात, "सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह" केलं की नको झालेली जुनी पॅकेजं आणि जुने कर्नल निघतात. काही मशीनवर "बूट" नावाचा छोटा वेगळा कप्पा असतो, तो जुन्या कर्नलनी भरतो. मुख्य डिस्कवर ढीगभर जागा दिसते आणि एरर तरी येते, तेव्हा हा कप्पा बघा.

"रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट". ही माझी आवडती एरर. गोदामाच्या यादीवर तारीख असते. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे असेल तर मुनीम म्हणतो, ही यादी तर उद्याची आहे, मी कशी मानू? जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं. तारीख दुरुस्त करा, वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सेटिंग चालू करा आणि सेल बदला. दोन-चार चहाच्या पैशात येतो. याच एररवर फॉरमॅट मारलं तर? फॉरमॅटनंतरही घड्याळ मागेच राहणार, कारण सेल तोच आहे!

"आर्किटेक्चर डज नॉट मॅच". काही जण रास्पबेरी पायवर बिलिंग काउंटर करतात, कमी विजेत छान चालतं. पण त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा. प्रिंटरची एएमडी६४ लिहिलेली फाईल तिथे चालणार नाही. डिझेलच्या गाडीत पेट्रोल. म्हणून प्रिंटर, स्कॅनर, बारकोड मशीन घेण्याआधी दुकानदाराला विचारा, "दादा, माझ्या लिनक्सला आणि या प्रोसेसरला ड्रायव्हर आहे का?" पैसे दिल्यावर विचारून उपयोग नाही.

"एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट". पायथॉनचं काही टाकायला पिप वापरलं की नव्या आवृत्त्यांवर ही एरर येते. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, ती दिसायला लागली. अर्थ असा की पायथॉन हे सिस्टीमचं स्वतःचं भांडं आहे, त्यात तुमची फोडणी टाकू नका. वेगळं भांडं घ्या: व्हेन्व्ह किंवा पिपएक्स. "ब्रेक सिस्टीम पॅकेजेस" नावाचा एक पर्यायही आहे. नावातच लिहिलंय काय होणार ते. तरी लोक वापरतात.

एका ताईंचं नुकसान

आमच्या एका बॅचमध्ये मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या ताई होत्या. त्यांच्याकडे जुना लॅपटॉप, त्यावर उबुंटू. बॅटरी गेलेली, त्यामुळे चार्जर काढला की बंद. बिलं, कुठल्या हॉटेलला कुठला मसाला कितीने दिला, कोणाची उधारी किती, सगळं लिब्रेऑफिसच्या फायलींमध्ये. तीन वर्षांचं.

दिवाळीच्या आधी बिलाचा नवीन प्रिंटर घेतला. त्याचं पॅकेज टाकत असताना लाइट गेली. परत चालू केल्यावर काहीच इन्स्टॉल होईना, प्रत्येक वेळी तीच एरर. त्यांनी गावातल्या एका टेक्निशियनला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, सिस्टीम करप्ट झाली. फॉरमॅट मारावं लागेल."

"माझ्या फायली?"

"होतील परत."

झाल्या नाहीत. मला फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्यांनी एररचा फोटो मात्र मोबाइलमध्ये काढून ठेवलेला होता. मी बघितला. "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड", आणि त्याच ओळीत पुढे काय करायचं ती कमांड. एक ओळ टाइप करायची होती. मिनिटभराचं काम.

ताईंना उधारी आठवून आठवून वसूल करावी लागली. काहींनी प्रामाणिकपणे दिली, काहींनी "आमची तर बाकीच नव्हती" म्हणून हात वर केले. टेक्निशियनचे पैसे गेले ते वेगळेच. हे नुकसान कॉम्प्युटरने केलं असं मी मानत नाही. एरर न वाचण्याच्या सवयीने आणि बॅकअप न ठेवण्याने केलं. त्या टेक्निशियनने वाचली असती तरी भागलं असतं. पण धंदा ताईंचा होता, त्याचा नव्हता. म्हणून मी म्हणतो, वाचायला मालकाने शिकावं.

दुसऱ्या टोकाचा धोका: दिसेल ती कमांड चिकटवणं

काही जण फॉरमॅट मारत नाहीत, पण नेटवर पहिली सापडलेली कमांड चिकटवतात. हेही तितकंच वाईट.

नोव्हेंबर २०२१ मधली गोष्ट जगभर गाजली. लायनस सेबॅस्टियन हा मोठा टेक यूट्यूबर. त्याने लिनक्स वापरून बघायचं ठरवलं आणि पॉप ओएसवर स्टीम हे गेमिंगचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. त्या दिवशी पॅकेजच्या डिपेंडन्सीत गडबड होती. एपीटीने स्पष्ट सांगितलं की हे टाकायचं तर अत्यावश्यक पॅकेजं काढावी लागतील, खात्री असेल तर "होय, मी सांगतो तसं कर" हे पूर्ण वाक्य टाइप करा. त्याने केलं. आणि सगळा डेस्कटॉपच गेला, काळी स्क्रीन उरली. चूक पॅकेजची होती, ती लगेच दुरुस्त झाली. एपीटी बनवणाऱ्यांनीही नंतर अशी वाट अवघड करून ठेवली. पण आपण घ्यायचा धडा वेगळा आहे. एपीटी होय-नाही विचारण्याआधी "रिमूव्ह" म्हणून एक यादी दाखवतो. एखादं प्रिंटर ड्रायव्हर टाकताना त्या यादीत चाळीस नावं दिसली, तर उत्तर नाही! काँट्रॅक्टवर सही करण्याआधी आपण अटी वाचतो, इथेही वाचा.

याहून सोपी युक्ती आहे. इन्स्टॉलच्या कमांडमध्ये "डॅश एस" जोडलं की एपीटी फक्त तालीम करून दाखवतो. काय येणार, काय जाणार ते दिसतं, प्रत्यक्षात काहीही बदलत नाही.

आता "नो पबकी" ही एरर. म्हणजे मालावरचा शिक्का ओळखता येत नाही. बाहेरचं गोदाम जोडलंय पण त्याची किल्ली तुमच्याकडे नाही, किंवा ती बदलली. अशा वेळी "तपासणी बंद करा आणि पुढे जा" असे सल्ले मिळतात. शिक्का नसलेला माल आपण दुकानात भरतो का? किल्ली त्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. आणि खरं सांगू का, धंद्याच्या मशीनवर बाहेरची गोदामं जेवढी कमी तेवढं बरं. दोन-तीनपेक्षा जास्त जोडलेली असतील तर पुढच्या अपग्रेडला डिपेंडन्सीचं भांडण ठरलेलं आहे.

"मग गोदामातला माल शंभर टक्के सुरक्षित का?" नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साध्या पॅकेजमध्ये कोणीतरी चोरवाट घालून ठेवलेली सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने मागे लागून शोध घेतला आणि जग वाचलं. पण बघा, ती चोरवाट डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचली होती, स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. जुनं, मुरलेलं घ्या म्हणतात ते याचसाठी. काउंटरवर लोणचं मुरलेलंच विकायचं.

फुकट म्हणजे फुकट नाही

ईआरपीनेक्स्टचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलंय. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, मुक्त परवान्याचं, स्टॉक-बिल-हिशेब सगळं एका ठिकाणी. मला त्याचा अभिमान आहे. पण स्वतःच्या मशीनवर टाकायला गेलात तर पायथॉन, नोड, मारियाडीबी, रेडिस अशी पलटण लागते, आणि प्रत्येकाची ठरावीक आवृत्ती लागते. एक पुढे-मागे झाली की इन्स्टॉलेशन अडलं. परवान्याचे पैसे वाचले, पण तुमचे दिवस गेले. दिवसाची तुमची कमाई किती? तेवढी किंमत त्यात धरा.

म्हणून माझा सरळ हिशेब असा. एका एररवर दीड-दोन तास. तेवढ्यात सुटली नाही तर माणूस बोलवायचा. इतकं गुंतागुंतीचं सॉफ्टवेअर असेल तर पहिल्या दिवसापासून जाणकाराकडून बसवून घ्यायचं किंवा महिन्याचे पैसे देऊन तयार सेवा घ्यायची. आणि तुमचा सीए टॅलीप्राइममध्येच फाईल मागत असेल, तर ते विंडोजसाठी बनलेलं आहे. तिथे लिनक्सवर कसरत करू नका, एक विंडोज मशीन ठेवा. लिनक्सचा मी प्रचारक नाही. तुमचा धंदा कुणावर अडून राहू नये, एवढंच मला हवंय.

काही जण म्हणतील, "सर, हे शिकण्यापेक्षा पोरगा ठेवतो." ठेवा, जरूर ठेवा. पण ज्याला आपण तपासू शकत नाही त्याच्या हातात तिजोरी देताय हे लक्षात असू द्या. मालकाला भट्टी लावता आली पाहिजे असं नाही, पण भाकरी कच्ची आहे की भाजलेली हे ओळखता आलं पाहिजे.

माणूस बोलवायचा तर त्याला तीन गोष्टी द्या: एररचा पूर्ण फोटो, पहिल्या ओळीपासून, तुमची उबुंटूची आवृत्ती, आणि गडबड होण्याआधी शेवटचं काय टाकलं होतं ते. हे शेवटचं आठवत नसेल तर "व्हार"मधल्या "लॉग"मधल्या "एपीटी" फोल्डरमध्ये हिस्ट्री डॉट लॉग नावाची फाईल आहे. मुनीमाची रोजनामचा वही. कुठल्या तारखेला काय आलं, काय गेलं, सगळं लिहिलेलं असतं. आणि त्याला एकच प्रश्न विचारा, "भाऊ, एररचा अर्थ काय?" उत्तर देता आलं तर काम द्या. "ते तुम्हाला नाही कळणार, फॉरमॅटच मारू" म्हणाला, तर चहा पाजा आणि दुसरा शोधा.

हे एवढं या रविवारी करा

१. बॅकअप. हिशेबाच्या फायली एका पेन ड्राइव्हवर आणि एका ऑनलाइन ड्राइव्हवर. टाइमशिफ्ट लावलंय म्हणून गाफील राहू नका. ते सिस्टीमचा फोटो ठेवतं, तुमच्या फायली नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यात धरत नाही. आणि बॅकअप मधली एक फाईल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटलेला चेक.

२. आवृत्ती बघा. एलटीएस नसेल तर सणासुदीच्या आधीच नाही, निवांत महिन्यात बदलायचं ठरवा.

३. एक छोटा यूपीएस घ्या, निदान काउंटरच्या मशीनला. इन्स्टॉल चालू असताना लाइट जाणं हे आपल्याकडचं खरं संकट आहे.

४. एक वही करा. तारीख, काय टाकलं, काय एरर आली, कशाने सुटली. दोन ओळी पुरतात. वर्षभरात ही वही कुठल्याही टेक्निशियनपेक्षा तुमच्या मशीनला जास्त ओळखेल.

५. सीझनमध्ये नवीन काही टाकायचं नाही. दिवाळी, लग्नसराई, शाळा सुरू होण्याचे दिवस, तुमचा जो सीझन असेल तो. चालू गाडीचं टायर बदलत नाहीत.

धंद्यात रोज काहीतरी अडतं. माल वेळेवर येत नाही, पेमेंट अडकतं, कामगार न सांगता सुट्टी घेतो. तेव्हा आपण दुकान पाडून नवीन बांधत नाही. काय अडलंय, कोणाकडे अडलंय, कधीपासून अडलंय, हे तीन प्रश्न विचारतो आणि तेवढंच सोडवतो. कॉम्प्युटरलाही हेच तीन प्रश्न विचारा. उत्तर बऱ्याचदा स्क्रीनवर लिहिलेलं असतं.

पुढच्या व्हिडिओत बिलाचा थर्मल प्रिंटर लिनक्सला जोडून दाखवणार आहे. तोपर्यंत वहीचं पहिलं पान भरून ठेवा.